पांढऱ्यावर निळी अक्षरं

मी रंगवलेल्या पाटीमुळं एका माणसाचं दुकान बसलं. एका पाटीनं कुठं दुकान बसतंय काय, असं कुणीही म्हणेल. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत काढली. पण जिवाला काही स्वस्थता नाही, म्हणून एकदाचं लिहून मोकळा होतो.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला पेंटर होतो. मीना सलमान बंदराजवळ गोदामांच्या ओळीत आमचं पाट्या रंगवायचं वर्कशॉप होतं. अरबी अक्षरं दुसरा एक पेंटर काढायचा, बाकी सगळं माझ्याकडं. हात चांगला होता, आणि त्याची मला भारी घमेंड होती. गिऱ्हाइकानं रंग सांगितला की मी म्हणायचो, तुम्ही गप बघा, मी कसं करतो ते.

एक दिवस एक चिनी माणूस आला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तो मुहर्रकच्या बाजारात दुकान काढत होता. चहा, शेवया, सॉसच्या बाटल्या, लोणची, थर्मास. गिऱ्हाईक ठरलेलंच होतं. शिवणकारखान्यात कामाला आणलेल्या चिनी बायकांना कंपनीची बस शुक्रवारी सुट्टीचं बाजारात सोडायची, त्याच त्याच्या दुकानात येणार होत्या.

माझ्या टेबलामागं बुद्धाची तसबीर होती. ती बघून त्यानं हात जोडले. झालं, मी तिथंच विरघळलो. माझ्या गावाकडं त्या तसबिरीपुढं आमच्या वस्तीबाहेरच्या कुणी हात जोडलेले मी तरी पाहिले नव्हते. म्हटलं, हा तर आपल्या घरातला माणूस. मग रोज चहा सुरू झाला. मोडक्या इंग्रजीत, मोडक्या हिंदीत तो सांगायचा. त्याच्या वडिलांचं दुकान होतं, ते त्याच्या लहानपणी सरकारजमा झालं. त्यानंतर वडिलांनी घरात दुकानाचा विषयच काढू दिला नाही. हा इकडं येऊन एका कंपनीच्या मेसमध्ये किती वर्षं भात शिजवत राहिला आणि आता बायकोला आणून दुकान टाकत होता. त्याच्या घराण्यात मोडलेली गोष्ट तो परत उभी करत होता, आणि तिच्या दारावरची पाटी माझ्याकडं होती.

त्यानं लाल पाटी सांगितली होती, वर सोनेरी अक्षरं. अक्षरांचा नमुनासुद्धा लाल कागदावर आणला होता. मी म्हटलं, लाल कसली, हॉटेलं काय कमी आहेत लाल पाट्यांची? तुला मी पांढऱ्याशुभ्र पाटीवर निळी अक्षरं काढून देतो. मग त्याला ऐकवलं, की आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात उभे राहतात, आणि निळा तर आमच्या झेंड्याचा रंग. आपण दोघं एकाच बुद्धाचे. माझा सगळ्यात मानाचा रंग मी तुझ्या दारावर लावतोय.

त्यानं आपला लाल कागद टेबलावर पुन्हा सरळ केला. मग थोडा तरी लाल येईल का, असं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग तो हसला आणि म्हणाला, “गुड, गुड.” मी त्याला होकार समजलो.

पाटी वाळत होती तेव्हा त्याच्या बायकोची मावसबहीण वर्कशॉपवर आली. ती त्याच शिवणकारखान्यात होती आणि आपल्याकडच्या बायकांच्या शेजारी मशीनवर बसून कामापुरतं हिंदी शिकली होती. ती पाटी टांगायच्या पट्ट्यांची मापं द्यायला आली होती. पाटी बघितली आणि एकदम एक पाऊल मागं सरली. म्हणाली, “हमारे में ये रंग मरनेवाले के घर का. लाल करो. भाई मुँह से नहीं बोलेगा.”

आता खरं ते सांगतो. ती काय म्हणाली ते मला स्वच्छ कळलं होतं. पण मी तिचं मागं सरणं बघितलं आणि माझं टाळकं सटकलं. निळा झेंडा दिसला की असं नाक मुरडून मागं सरणारी तोंडं मी गावात लहानपणापासून बघितली होती. मला तेच तोंड दिसलं. बिचारी मरणाला घाबरली होती आणि मी तिला आमच्या गावच्या पाटलिणींच्या रांगेत नेऊन बसवलं. म्हटलं, मालकानं गुड म्हटलंय, खलास. ती आणखी एकदा काहीतरी बोलायला गेली, तर मी ब्रश धुवायला उठलो. एका दिवसाचं काम होतं हो. लाल रंगाचा डबा मागं फळीवरच होता.

उद्घाटनाला मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. बस आली. बायका उतरल्या, घोळक्यानं दारापर्यंत आल्या, वर बघितलं आणि जागीच थबकल्या. दोघीचौघी ओळखीच्या म्हणून आत गेल्या, पुडी घेऊन लगेच बाहेर. बाकीच्या पुढं निघून गेल्या. नवं काही सुरू करताना, लग्नात, बारशाला, त्यांना लाल लागतो. पांढऱ्या-निळ्या दारातून शेवया घेऊन त्या घरी कशा जातील? आपण तरी तिरडीच्या सामानाच्या दुकानातून पेढे घेऊ का?

पुढच्या शुक्रवारी दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागद चिकटवलेले दिसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी. तराजूला लाल दोरा, बरण्यांना लाल झाकणं. पाटी तेवढी जशीच्या तशी. ती का काढली नाही म्हणाल, तर मी दर शुक्रवारी तिथं जायचो. खाली उभा राहून आपल्याच अक्षरांकडं बघायचो, आणि तो आतून स्टूल आणून मला बसवायचा. मी जायचं बंद केलं असतं तरी त्याला ती उतरवता आली असती. तेवढंही मला सुचलं नाही. सुचलं नाही कसलं, मला सुचवून घ्यायचं नव्हतं. कागद कशासाठी लावलेत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

वर्ष काही पुरं झालं नाही. तो दुकान आवरतोय हे दुसऱ्याच कुणीतरी मला सांगितलं. तेव्हा कुठं मी लाल रंगाचा डबा घेऊन धावलो. आत खोकी बांधून ठेवली होती. त्याची बायको फडताळ पुसत होती आणि ती मावसबहीण बरण्या कागदात गुंडाळत होती. मी म्हटलं, आत्ता रंगवतो, आज संध्याकाळपर्यंत लाल करून देतो. तो म्हणाला, राहू दे, परतीची तिकिटं झालीत.

बायकोनं फडकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलली. “ही से, फ्रेंड कलर. हाऊ से नो?”

आणि मी, त्या दोघांच्या तोंडावर, म्हणालो, “मला माहीत नव्हतं.”

मावसबहिणीचे हात थांबले. आता ही बोलणार, आणि बोलली तर बरंच होईल, असंही एका बाजूनं वाटलं. तिनं माझ्यापुढं दोन्ही हातांनी चहाचा कप ठेवला आणि त्यांच्या भाषेत मान खाली घालून काहीतरी सांगितलं. काय म्हणतेय, मी विचारलं. तो जरा ओशाळून म्हणाला, ती माफी मागतेय. पाटी तिनं वर्कशॉपवर बघितली होती, तेव्हाच तिनं तुला सांगायला पाहिजे होतं. चूक तिची आहे.

मी तिच्याकडं बघितलं नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, जाऊ द्या, होतं असं कधी कधी.