एका शेपटीचे दहा शब्द

बॉयलरला राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग ती बोलायची थांबायची, आणि त्यानंतर जे व्हायचं ते मशीनच्या घरघरीतूनही अख्ख्या लाँड्रीला ऐकू जायचं. तिला खरं नाव होतं. पण बावीस वर्षांत ते फक्त पगाराच्या यादीत उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी, अगदी साहेबांसाठीसुद्धा, ती बॉयलर होती आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. "तापते म्हणून तर तुमच्या चादरी निघतात," असं ती तोंडावर सांगायची.

लाँड्री मोठी होती. तीन इस्पितळं आणि पाच हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल गाड्यांवर गाडे भरून यायचे. पुढच्या बाजूला मशीनचा हॉल होता आणि अगदी मागे, दोन दारांपलीकडे, मळखोली. इस्पितळाची गाठोडी तिथं उघडायची. रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, ओकारीचं वेगळं. चादर कुठल्या खाटेवरची, हे तिथं कुणी बघत नाही. तिचं पुढे काय करायचं यावरून तिचा गाडा ठरतो, आणि प्रत्येक गाड्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतात.

बॉयलरनं मळखोलीत सहा वर्षं काढली होती. तिथला वास साबणानं जात नाही. धाकटी लेक चार वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, "तू नको, आजी वेणी घालेल." बॉयलरनं कंगवा सासूबाईंच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासले, कातडी सोलेपर्यंत. ती लेक आता नर्सिंगला होती आणि तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. बॉयलरला सगळं आठवत होतं. त्यानंतर वर्षभरात भांडून, रडून, साहेबांच्या दाराशी ठाण मांडून तिनं मशीन मिळवलं होतं.

आणि आता ते मशीन जायला निघालं होतं.

झालं असं, की जुन्या मशीनांच्या जागी नवीन आली. जुन्यांवर तीन दिवे होते. लाल असेल तर हात लावू नको, पिवळा असेल तर थांब, हिरवा लागला की काढ. नव्यांवर दिवा एकही नव्हता. एक काचेची पट्टी होती आणि तिच्यावरून इंग्रजी शब्द सरकत जायचे. साहेबांनी नोटीस लावली: बारा दिवसांचा इंग्रजीचा वर्ग होईल, शेवटी परीक्षा. पास होतील त्या मशीनवर. उरतील त्या मळखोलीत.

वर्ग कँटीनमध्ये, दुपारी तीनला, पाळी सुटल्यावर. चौदा बायका, पाय सुजलेल्या, बाकांवर कोंबून बसलेल्या. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या. बालवर्गाला शिकवायच्या, आणि तिथलेच तक्ते गुंडाळून घेऊन आल्या होत्या. तक्त्यावर एक मांजर होतं, डोक्यावर टोपी, बुडाखाली सतरंजी.

"चला, सगळ्या माझ्या मागून! कॅट, बॅट, रॅट! टाळ्या वाजवत!"

बायका हसल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. पहिल्या दिवशी बॉयलरनंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मॅट आणि हॅट झालं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी रंगीत खडू वाटले आणि मांजर रंगवायला सांगितलं. बॉयलरचे कान लाल झाले. चौथ्या दिवशी तिनं हात वर केला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना मावशी."

"हे मांजर टोपी घालून सतरंजीवर बसलंय, तेवढं कळलं. ते आमच्या मशीनच्या पट्टीवर कधी येणार?"

बाकांवर खसखस पिकली. मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "आधी सोपे शब्द, मावशी. शेवट सारखा असला की पटापट लक्षात राहतात. मग हळूहळू पुढचं."

"हळूहळू म्हणजे किती? बारा दिवस आहेत, आज चौथा."

"अहो, लहान मुलांनासुद्धा आपण असंच—"

"आम्ही लहान मुलं आहोत का? सत्तर किलोचा भिजलेला बोजा ओढतो आम्ही. खडू कसले देता हातात?"

शेजारच्या चष्मेवालीनं तिचा पदर ओढला. "बस ना गं खाली. लिहायचं कॅट-बॅट आणि व्हायचं पास. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझं मशीन जातंय," बॉयलर म्हणाली आणि बसली.

घरी जाताना ती इतकी तणतणत चालली होती की समोरून येणारे बाजूला होत होते. पण रागातच तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. युक्ती खोटी नव्हती. सारखा शेवट असला की शब्द खरंच डोक्यात राहतो. तीन दिवसांचं ते मेलं मांजर डोक्यातून निघत नव्हतं, यातच सगळं आलं. युक्ती बरोबर होती. मांजर चुकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

"पट्टीवर काय काय येतं ते सगळं सांग."

"सगळं? बॉयलरबाई, दीडशे पानांचं पुस्तक आहे ते."

"मग तोंडातला घास गीळ आणि सुरुवात कर."

पाचवीपर्यंतच्या शाळेत तिनं इंग्रजी अक्षरं गिरवली होती, तेवढी शिल्लक होती. मिस्त्री वाचायचा, अर्थ सांगायचा, ती गाड्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर उतरवायची. एका चिठ्ठीवर एक शब्द. पहिल्या ओळीत शब्द, इंग्रजीत आणि बाजूला मराठी अक्षरांत, दुसरीत अर्थ, आणि तिसऱ्या ओळीत हात. म्हणजे पट्टीवर तो शब्द आला की हातानं काय करायचं. घरी तिनं खोलीत आडवी दोरी बांधली आणि चिठ्ठ्या चिमट्यांनी शेपटीप्रमाणे लावल्या. कोल्ड, होल्ड, फोल्ड एका दोरीवर. हीट, शीट, रिपीट दुसरीवर. सगळ्यात लांब दोरी एनची: ड्रेन, स्टेन, स्ट्रेन, चेन, मेन, रिमेन आणि पुढे आणखी दोन.

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "काय गं, आता कागदही धुवायला लागलीस?"

"शब्द आहेत, आई."

"एवढे? आणि सगळ्यांची शेपटी एकच कशी?"

"म्हणून तर एका दोरीवर आहेत. विचारा कुठलाही."

"हा बघ, हा. स्टेन."

"डाग. स्टेन आला की गरम पाणी बंद, नाहीतर रक्त कापडात शिजतं आणि कायमचं बसतं."

"आणि हा पलीकडचा? स्ट्रेन?"

"ताण."

"म्हणजे डाग काढताना जो येतो तो," सासूबाई म्हणाल्या, आणि रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिची परीक्षा घ्यायला लागल्या. आठवड्यात त्यांनाच निम्मे शब्द पाठ झाले. बॉयलर अडखळली की त्या जीभ काढून दाखवायच्या.

वर्गात मात्र कॅट बसूनच होतं. बॉयलर रोज तोंड मिटून शेवटच्या बाकावर बसायची. मॅडमनी बारा दिवसांत मशीनच्या हॉलमध्ये एकदाही पाऊल टाकलं नाही, हे तिनं मोजलं होतं.

परीक्षेत एकच मोठा प्रश्न होता. ॲट असा शेवट असणारे दहा शब्द लिहा, अर्थ लिहा, प्रत्येकाचं एक वाक्य करा. बॉयलरनं तो दोनदा वाचला. मग प्रश्नातलं ॲट खोडलं, वर एन लिहिलं आणि दहाच्या दहा शब्द काढले. वाक्यं सगळी लाँड्रीतली. ड्रेन: पाणी सोडणं; ड्रेन पूर्ण झाल्याशिवाय दाराला हात लावू नये. रिमेन: उरणं, पट्टीवर रिमेन आलं की पुढचा आकडा मिनिटांचा. शेवटचे दोन शब्द मशीनवर नव्हते, ते तिनं लेकीकडून फोनवर मागून घेतले होते. कंप्लेन: तक्रार करणं, कंप्लेन करणाऱ्या बाईला भांडकुदळ म्हणतात. एक्स्प्लेन: समजावून सांगणं, मॅडम एक्स्प्लेन करत नाहीत.

सोमवारी निकाल लागला. तेरा जणी पास. बॉयलरला शून्य, आणि खाली लाल शाईत: "विचारलेलं लिहावं."

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी वर न बघता सांगितलं, "निकाल निकाल असतो. मॅडमनी दिलाय, मी काय करू?"

"साहेब, मला पट्टी वाचून दाखवायला सांगा. आत्ता. उभ्या उभ्या."

"परीक्षा झाली ना? किती डोकं खाशील?"

त्या दिवशी दुपारी तिनं मळखोलीतले रबरी हातमोजे चढवले, सोळा वर्षांनी. वास तोच होता.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्री सुट्टीवर होता आणि दाराशी इस्पितळाची गाडी चादरींसाठी थांबली होती. नेमकं तेव्हा चार नंबरचं मशीन मधेच बंद पडलं. पट्टीवर शब्द सरकत होते. मशीन चष्मेवालीकडे होतं. ती पट्टीकडे बघत राहिली. साहेब धावत आले. त्यांना इंग्रजी येत होतं, पण मशीन येत नव्हतं. दुपारपाळीच्या नवीन तुकडीच्या सकाळच्या वर्गासाठी मॅडम नुकत्याच कँटीनमध्ये आल्या होत्या, त्यांना बोलावलं.

"ड्रेन फॉल्ट," मॅडमनी वाचलं. "पाणी जात नाहीये, असं काहीतरी."

"ते कळलं. पण करायचं काय?"

मॅडम पट्टी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

"खाली गाळणी असते, तिथं दोरे अडकतात," चष्मेवाली म्हणाली. "जुन्याची मी काढायचे." ती वाकली आणि तिनं झाकणाला हात घातला.

रिकामा गाडा न्यायला आलेली बॉयलर दारातच होती. तिला पट्टी दिसत होती. ड्रेन फॉल्टच्या मागून हीट सरकत आलं होतं, आणि आकडा होता ऐंशीचा.

"हात काढ! काढ हात! उकळतंय आत!"

चष्मेवाली मागच्या मागे बसली. बॉयलरनं हातमोजे भिरकावले, होल्ड दाबलं, मग कोल्ड. गार पाणी आत शिरल्याचा आवाज आला. आकडा उतरत उतरत तिशीवर येईपर्यंत ती पट्टीसमोरून हलली नाही. मग तिनं मेन कॉक बंद केला, बादली लावली, गाळणी बाहेर काढली आणि मुठीएवढा दोऱ्यांचा गोळा साहेबांच्या बुटांसमोर आपटला.

आणि मग कान लाल झाले.

"ऐंशी डिग्री! हिच्या हाताची कातडी सोलून निघाली असती! ही पास आहे ना तुमची? दहापैकी दहा! कॅट म्हणजे मांजर, पाठ आहे तिला! मांजर येणार होतं का तिचा हात ओढायला?"

"बॉयलर, आवाज—"

"आवाज इथूनच निघणार! बारा दिवस! आमच्या झोपेचे, पोरांच्या वाट्याचे बारा दिवस घेतलेत आणि मांजर रंगवून घेतलंत! आमचा पेपर आणा. माझा. इथं, मशीनसमोर तपासा."

साहेब मॅडमकडे बघू लागले. तशा मॅडमही भडकल्या, पण साहेबांवर. "माझ्याकडे काय बघता? मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, यांना कशासाठी शिकायचंय ते. तुम्ही म्हणालात, काहीही शिकवा, कागद भरायचाय."

मॅडम स्वतः जाऊन पेपर घेऊन आल्या. घरघरीत त्यांना मोठ्यानं वाचावं लागलं. एकेक शब्द वाचायच्या, अर्थ वाचायच्या, वाक्य वाचायच्या, आणि दर वाक्याला कुणीतरी बाई मान हलवायची. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या. मग ते वाक्यही वाचलं, तितक्याच मोठ्यानं.

त्यांनी शून्य खोडलं आणि नऊ लिहिलं.

"नऊ का?" बॉयलरनं विचारलं.

"शेवटचं वाक्य," मॅडम हळूच हसून म्हणाल्या. "ते आता खरं नाही राहणार, मावशी. उद्यापासून मी इथंच, मशीनपाशी शिकवीन. तुमच्या चिठ्ठ्या द्याल?"

"चिठ्ठ्या घेऊन मीच येईन, तीनला. पण उद्याचं उद्या. मी लिहिलं त्या दिवशी ते खरं होतं. दहा करा."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी नऊ खोडून दहा केले आणि खाली सही केली. बॉयलरनं पेपर साहेबांच्या हातात दिला, त्यांनी तो घडी करून खिशात घातला, आणि मळखोलीचं नाव कुणीही काढलं नाही. थँक्यू मात्र ती कुणालाच म्हणाली नाही. ती चार नंबरपाशी गेली, गाळणी बसवली, कॉक उघडला, बटण दाबलं. पट्टीवर शब्द सरकायला लागले.

"साहेब," ती मागे न बघता म्हणाली, "स्पिन येतंय. मशीनपासून लांब उभे राहा."