खूण पुसलेली पिपेट

श्रुतीनं पिपेट नळाखाली धरली. एकदा नाही, तीनदा. मग ओढणीच्या टोकानं तिचं वरचं टोक पुसलं. तरीही ओठांना लावली नाही. मॅडमकडं नेऊन म्हणाली, "मॅडम, मला दुसरी मिळेल का? ही तिनं वापरलीय."

ती म्हणजे मी. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रयोग होता गाजरातली साखर मोजण्याचा. फेहलिंगचं निळं द्रावण पिपेटनं मोजून घ्यायचं, उकळायचं, त्यात गाजराचा पातळ केलेला रस थेंबथेंब सोडायचा. निळा रंग जाऊन विटकरी झाला की थांबायचं. रस किती लागला त्यावरून साखर निघते. पिपेट म्हणजे मापाची खूण असलेली काचेची नळी; आमच्या कॉलेजात तिच्यात द्रावण अजून तोंडानंच ओढतात. रबरी फुगे आहेत, पण कपाटात, कुलपात. दोघींत एक पिपेट.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडमनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. आम्ही बौद्ध, हे वर्गाला तेवढ्यात कळलं.

मॅडम श्रुतीला रागावतील असं मला वाटलं. खुळीच मी. त्यांनी ती उकळत्या पाण्यातून काढून श्रुतीलाच दिली आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शेखचाचांना माझ्यासाठी ड्रॉवरमधली जुनी पिपेट काढायला लावली. चाचांनी ती उजेडात धरली. "मॅडम, इसका निशान मिट गया. फेंकने का माल है ये."

"तिच्यापुरती चालेल," मॅडम म्हणाल्या. वर पांढरी चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली, म्हणजे ती इतरांच्यात मिसळायला नको.

चाचांनी माझ्याकडं न बघता पट्टी गुंडाळली. मी ती पिपेट घेतली. आज लिहिताना शिसारी येते, पण घेतली. पुढच्या आठवड्यात तर घरून दोनदा दात घासून गेले.

आणि गाजरं कुणाची? माझ्या आईची. गारखेड्यात तिची भाजीची गाडी आहे. "तूच आण, ताजी असतात," हे मॅडमच म्हणाल्या होत्या. ती मी किसली, फडक्यात घालून हातानं पिळली. तो रस सगळ्या वर्गाला चालला. उरलेली गाजरं मॅडमनी हलव्यासाठी घरी नेली. माझा हात चालतो, तोंड चालत नाही. यांचा विटाळसुद्धा यांच्या सोयीचा.

पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग गुणांसाठी होता. खूणच नसलेल्या पिपेटनं मोजायचं कसं? अंदाजानं. तीनदा केलं, तीन वेगळी रीडिंग आली. मॅडमनी माझी वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"फी माफ, मार्क माफ. आता रीडिंगही माफ करायचं का?"

वर्ग हसला. श्रुती जरा जास्तच.

आठवडाभर मला माझ्याच तोंडाची किळस वाटत होती. आता समोरच्या तोंडांची वाटली.

मी पट्टीवाली पिपेट फुटक्या काचेच्या डब्यात टाकली. श्रुतीच्या स्टँडवरची उचलली, ओठांत धरली आणि निळं द्रावण खुणेपर्यंत ओढलं. तीनदा प्रयोग केला. तिन्ही रीडिंग जुळली.

"आता मी कशानं करायचं?" श्रुतीनं विचारलं.

"हिनंच," मी म्हणाले.

मॅडमनी मला विभागप्रमुखांकडं पाठवलं. सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफीनामा लिही. विषय मिटव. प्रॅक्टिकलचे गुण मॅडमच्या हातात आहेत, लक्षात ठेव."

मी कागद घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. घडलं ते ओळीनं लिहिलं. नळ, पट्टी, 'तिच्यापुरती चालेल' हे शब्द जसेच्या तसे. साक्षीदार म्हणून चाचांना विचारलं. त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "लिख दे मेरा नाम."

सरांनी वाचलं. "अगं, हा माफीनामा नाहीये."

"नाही सर. तक्रार आहे. पोच द्या."

उद्या ये म्हणाले. मी खुर्चीवरून हलले नाही. शिक्का बसला तेव्हाच उठले.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाजीवर पाणी मारत होती. हात थांबला तिचा. "अन् नापास केलं तं?"

"पुन्हा बसन. अर्ज माघारी घेणार नाय."