सगळ्यांना गेलेलं बोलावणं

माझ्या नाकावर राग असतो, हे गुडीहत्नूरच्या बसस्टँडवर कोणालाही विचारा, सांगेल. बी-बियाण्यांचं छोटं दुकान आहे माझं, हायवेला लागून. दिवसभर तोंड चालवावं लागतं, मराठीत, तेलुगूत, बाहेरच्या ट्रकवाल्यांशी हिंदीत. त्यात मधल्या काळात फोनवर कुठल्याशा ॲपची एक नवी कटकट सुरू झाली होती. हा तुम्हाला बोलावतो आहे, तो तुमची वाट पाहतो आहे, आमच्यात या, सामील व्हा. रोज दहा-बारा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

बोलावणारे तरी कोण? तहसीलमधला एक बाबू, ज्याच्या टेबलासमोर अर्धा तास उभं राहिलं तरी मान वर करत नाही, तो फोनमध्ये माझी वाट पाहत होता. शाळेतला एक वर्गमित्र, बाप गेला तेव्हा भेटायलासुद्धा न आलेला, तो म्हणे मला मिस करून राह्यला. मी एकेकाला फोन लावून झापायचो. "काऊन बे, काम नाही का तुले? वाट पाहून राह्यला तर ये ना दुकानात, च्या पाजतो!" समोरचा बिचारा म्हणायचा, मी कुठं काय पाठवलं, ते आपोआप गेलं. मला ते पटायचं नाही. आपोआप भाकरी भाजून होत नाही, मग बोलावणं कसं जातं?

आमच्यात बोलावणं ही हलकी गोष्ट नाही. घरी लग्न असलं की बायका हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जातात, पुरुष अक्षत घेऊन जातात. पत्रिका पोस्टानं आली तर जवळचा माणूस येतच नाही. "कागद आला, माणूस नाही आला" एवढं म्हणून तो घरी बसतो, आणि त्याचं चुकलं असं कोणी म्हणत नाही. बोलचाल बंद असली तर आणखी कडक. ज्यानं तोडलं त्यानं आधी बोलवायचं. बोलावलेला आला की उंबऱ्याबाहेर उभा राहतो. बोलावणाऱ्यानं स्वतः तांब्या घेऊन बाहेर यायचं, त्याच्या पायांवर पाणी घालायचं, हाताला धरून आत न्यायचं. एवढं झालं की मागचं सगळं मिटलं. कोणी विषय काढत नाही.

माझा एकच भाऊ, थोरला. बेल्लमपल्लीला खाणीत नोकरी केली त्यानं, आता रिटायर होऊन तिथंच राहतो. आमची बोलचाल बंद होती, आणि तोडलं होतं मी.

बाप गेला तो मे महिना. आमच्यात बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा. दादाचा फोन आला, "निघालो, थांबा." त्याची बस उटनूरच्या अलीकडे बंद पडली. इकडे ऊन असं की अंगणात पाय ठेवला तर पोळायचा. म्हातारे म्हणू लागले, दिवस बुडायच्या आत उरकायला पाहिजे. कोणी म्हणालं, आणखी घटकाभर पाहू. मी तापलेलो. म्हणालो, "ज्यायले यायचं ते आले असते. चला." आणि मीच अग्नी दिला. दादा पोचला तेव्हा सरण धडधडून पेटलं होतं. त्यानं लांबून हात जोडले आणि तिथूनच फिरला, घरी पाणीसुद्धा प्यायला नाही. चुलत्याकडे निरोप ठेवून गेला: "त्याले वाटलं तर बोलावू दे मले. बोलावल्याबिगर येत नाही."

आठ वर्षं मी बोलावलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. दोनदा तर बसस्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो. खरं सांगायचं तर लाज वाटत होती, आणि लाजेला मी राग म्हणत होतो. दादा सत्तरीला आला, त्याला दम लागतो, हे दुसऱ्यांकडून कळायचं. मग आमची ही म्हणायची, "जा ना हो एकडाव. मानूस गेल्यावर कोनाले बोलावसान?" मी ताटावरून उठायचो.

तर त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि फोनवर परत तेच. एक चौकट उघडली, ती जाईचना. खाली दोन बटणं. मी चिडून एक दाबलं, मग दुसरं दाबलं, मग जे दिसेल ते दाबलं. चौकट गेली. म्हटलं, सुटलो.

कसचा सुटलो! घटकाभरात फोनांचा पाऊस. माझ्या फोनमध्ये जितके नंबर होते तितक्यांना माझ्या नावानं मेसेज गेला होता, आणि मी ज्या नावानं नंबर ठेवला होता त्याच नावानं हाक मारून. जनावरांच्या डॉक्टरांना गेलं, "बकरी डॉक्टर, मी तुमची वाट पाहत आहे. या ना." पोराच्या जुन्या मास्तरांना गेलं, "खडूस सर, मी तुमची वाट पाहत आहे. या ना." मास्तरांनी तेवढ्यासाठी फोन केला आणि शांतपणे विचारलं, खडूस म्हणजे मीच ना? मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना वर्षभर झापलं होतं ते सगळे उलटले. "काऊन बे, आता तू वाट पाहून राह्यला का?" दोन दिवस मी एकच वाक्य घोकत होतो. मी नाही बोलावलं, ते आपोआप गेलं, सगळ्यायलेच गेलं, मनावर घेऊ नका. गिऱ्हाईक आलं तरी आधी तेच, मग बियाणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडत होतो. घर दुकानाच्या मागेच आहे, दार एकच. पाठीमागून चपलांचा आवाज आला. वळून पाहिलं तर दादा आणि वहिनी. दादा केवढा वाळला होता! धोतर कडक धुतलेलं, डोक्याला टोपी. वहिनींच्या हातात पिशवी, वर नारळ आणि खणाची घडी दिसत होती. दोघं उंबऱ्याच्या बाहेर थांबले. दादाला दम लागला होता, पण चेहरा असा की लहानपणी जत्रेला निघताना असायचा तसा.

"तुयं बोलावनं आलं," तो म्हणाला. "पाह्यलं अन् पहिल्या गाडीनं निघालो."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय म्हणू? दोन दिवस घोकलेलं तोंडात तयारच होतं. मी म्हणालो, "मी नाही बोलावलं, ते आपोआप गेलं. सगळ्यायलेच गेलं."

दादानं बंडीच्या खिशातून फोन काढला. बटणांचा जुना फोन, त्याच्यात ते ॲप-बिप काही उघडत नाही, नुसती अक्षरं दिसतात. तो माझ्यापुढे धरला. "दादा, मी तुमची वाट पाहत आहे. या ना." खाली माझं नाव.

"म्हंजे हे तू नाही पाठवलं?"

त्या वेळी खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? हो म्हणायचं होतं नुसतं, तांब्या घ्यायचा होता. आयुष्यात गिऱ्हाइकाशी कमी खोटं बोललो का मी? पण मी त्याच्याकडे पाहत राहिलो, आणि त्यानं माझ्या तोंडावरून काय ते ओळखलं.

"बरं," तो म्हणाला. "गलतीनं आलो मग."

वहिनींनी खाली टेकवलेली पिशवी परत उचलली. आतून आमची ही तांब्या घेऊन धावत आली, "दादा, थांबा, थांबा ना!" ती रस्त्यापर्यंत पळाली. पण पाणी घालायचं होतं मी, तिनं घालून ते होत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि दादालाही. निर्मल गावाकडे जाणारी जीप उभी होती. वहिनी आधी बसल्या, मग त्यांनी दादाला हात देऊन चढवलं. तेव्हा कुठे माझे पाय हलले, जीप निघाल्यावर.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं बेल्लमपल्लीला गेलो. या वेळी लाज, राग सगळं गिळलं होतं. हळदीकुंकू, अक्षत, सगळं रीतसर घेतलं. दादा घरात होता. त्यानं दार उघडलं, आत बोलावलं, पंखा लावला. मी पाया पडलो. म्हणालो, "दादा, बोलवाले आलो. चुकलो मी. त्या दिवशीबी चुकलो अन् बापाच्या दिवशीबी." एवढं बोलायला आठ वर्षं लागली होती मला, आणि ते बोलताना मी रडत होतो.

दादानं अक्षत घेतली, नीट कागदात बांधली आणि देवापाशी ठेवली. "पाहू," म्हणाला. "तब्येत साथ देत नाही आता. जमलं तर येऊ." आवाज चढला नाही, टोमणा नाही. वहिनी कपबशा ट्रेमध्ये ठेवून चहा घेऊन आल्या, सोबत बिस्किटं. दादानं पाऊसपाणी विचारलं, कापसाच्या बियाण्याचं विचारलं.

तेवढ्यात शेजारची एक बाई दारातून डोकावली. तेलुगूत तिनं विचारलं, कोण आलंय म्हणून.

"मा ऊरोळ्ळु," दादा म्हणाला.

आमच्या गावचे लोक. तेलुगू मला येतं, आमच्या हिलाही येतं. आम्ही दोघांनी मान खाली घालून चहा पिऊन घेतला.