वरच्या अंगाला मर्व्ह

मर्व्ह टॅपर हा आमच्या ग्रेमाउथच्या भटकंती क्लबचा म्होरक्या. अगदी लोकशाही पद्धतीने निवडलेला. म्हणजे दर वर्षी सभेत तोच विचारतो, "कुणाला करायचंय का?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत तोच म्हणतो, "बरं, मग मीच." एरवी माणूस प्लंबर. आता निवृत्त झालाय, पण कुणाच्या घरी चहाला गेला तरी आधी सिंकखालचे नळ बघून येतो आणि चेहरा पाडून बसतो. आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो; त्याचा केक पचायच्या आत तो आम्हा दहाबारा जणांना डोंगरात नेतो. खिंड चढायची, नदीच्या खोऱ्याने उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेने चालत घरी यायचं. याला आम्ही उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो.

त्या सुट्टीतलं सुख काय सांगावं! माश्या हातापायांची चाळण करतात, सकाळी कालचेच ओले कपडे पुन्हा चढवायचे, आणि संध्याकाळी बटाट्याच्या पिठाचा लगदा मर्व्हच्या देखरेखीखाली गिळायचा. डोंगरातल्या केआ पोपटांनी कुणाची सॅक फाडली तर हा पोपटांची बाजू घेतो. परत आलो की आम्ही गावाला सांगतो, "वाईट नव्हतं." याहून मोठी स्तुती आमच्याकडे लग्नातसुद्धा करत नाहीत.

गेल्या सभेत मात्र कुश्ला उभी राहिली. ही दुधाचा धंदा करणारी, वासरू खांद्यावर टाकून कुंपण ओलांडणारी बाई.

"पुढच्या वर्षीपासून मी नेईन म्हणते," ती म्हणाली.

"अगं, ही माणसं आहेत," मर्व्ह म्हणाला. "शीळ घातली म्हणून रांगेत यायची नाहीत."

सगळे हसले आणि क्लब पुन्हा मर्व्हच्या पदरात पडला. पण हसणाऱ्यांतले निम्मे कुश्लासाठी हात वर करायला निघाले होते, हे त्याला दिसलं होतं. या खेपेला जरा काही वाकडं झालं की त्याची गादी गेलीच म्हणायची. त्याची बायको रेविन माझी जुनी मैत्रीण; तीही दर वर्षी आमच्याबरोबर येते. निघताना ती मला म्हणाली, "याच्याकडून क्लब काढून घेतला तर हा दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात उभा राहील गं. त्यापेक्षा बुडालेला परवडला."

आणि वाकडं झालंच. खिंडीतून उतरताना, "इथे निसरडं आहे, माझ्या पावलांवर पाऊल ठेवा," असं सांगता सांगताच मर्व्ह घसरला आणि दगडावर कुशीवर आपटला. बरगडीचा कडक् असा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"ठीक आहेस ना?" कुश्लाने विचारलं.

"बराय."

विषय संपला. आमच्या मुलखात हा प्रश्न एकदाच विचारतात. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माणसाच्या अब्रूला हात घालणं. त्यामुळे तो धडपडत उठेपर्यंत आम्ही सगळे अत्यंत सभ्यपणे समोरची शिखरं बघत उभे राहिलो. कुणीतरी ढगांबद्दल चार शब्द बोललं. पुढे तो एक हात पोटाशी धरून चालत होता आणि खोकला आला की झाडामागे जात होता. मुक्कामाच्या केबिनमध्ये त्याने बूटच काढले नाहीत, कारण वाकता येत नव्हतं.

"पायांत राहिले की ऊब राहते," तो म्हणाला. ओल्या बुटांची ऊब! रेविनने मुकाट्याने त्याच्या नाड्या सोडल्या आणि आम्ही हातातले पत्ते फार लक्ष देऊन बघत राहिलो.

मग पाऊस लागला, नदी फुगली, आणि पाणी उतरेपर्यंत आम्ही केबिनमध्ये एकमेकांचे वास सोसत बसलो. निघालो तेव्हा पाण्याचा गढूळपणा गेला होता. मर्व्हने प्रवाहात काठी टाकली आणि काठाने तिच्याबरोबर चालून पाहिलं. माणसापेक्षा काठी जोरात पळाली तर पाण्यात उतरायचं नाही, असा नियम. त्या दिवसांत मर्व्हच्या पुढे गोगलगायही गेली असती, पण काठी गेली नाही. नदी आम्हाला जाऊ देणार होती.

ओलांडताना आम्ही ओळ करतो. शेजाऱ्याच्या पाठीमागून हात घालून त्याच्या सॅकचा पट्टा धरायचा आणि सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सगळ्यांत दणकट माणूस, कारण पाण्याचा पहिला मार तो खातो. तो ढळला की अख्खी ओळ समुद्राच्या भेटीला. कमजोर माणसं मध्ये, दोन्हीकडून धरलेली. वरची जागा मर्व्हची, हे विचारायचीही कधी गरज पडली नव्हती.

तो वरच्या टोकाला गेला आणि शेजाऱ्याच्या पाठीमागे हात घालू लागला. हात मागे जाईना. चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांनी पाहिलं, आणि एवढी शूर मंडळी, पण कुणी शब्द काढेल तर शपथ. त्याचा मान राखता राखता आम्ही सगळे वाहून जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मला त्याचा संताप आला, आणि आमच्या या सभ्यपणाचाही.

मर्व्हने पाण्याकडे पाहिलं. मग ओळीच्या मधोमध माझ्याशेजारी उभ्या असलेल्या रेविनकडे पाहिलं.

"कुश्ला," तो म्हणाला, "वर तू उभी राहा."

"मी?"

"नाहीतर काय तुझ्या गाईला बोलावू? चल, ये."

आणि तो ओळीच्या मागून चालत मध्ये आला. "सरका गं जरा," म्हणत माझ्या आणि रेविनच्या मध्ये शिरला. आम्ही सरकलो.

कुश्लाने टोमणा मारला नाही. "टाका पाऊल!" ती ओरडली. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. माझी मूठ मर्व्हच्या पट्ट्यात होती आणि प्रत्येक पावलाला तो दातांतून कण्हत होता. एकदा त्याचे पाय सुटलेच. रेविनने आणि मी त्याला तसाच धरून पुढे नेला. वर कुश्ला खांबासारखी उभी होती, म्हणून आम्ही नेऊ शकलो.

पलीकडच्या काठावर सगळे धापा टाकत उभे राहिलो. चहा कुठे करायचा हे म्होरक्या ठरवतो. मर्व्हने सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि कुश्लाकडे वळला.

"चहा कुठे टाकायचा?"

"इथेच," ती म्हणाली. "आणि तू खाली बस."

तो बसला. वाद घातला नाही, बराय म्हणाला नाही, नुसता बसला. रेविन आमच्याकडे पाठ करून मोजे पिळत होती. त्यांतलं पाणी केव्हाच संपलं होतं, तरी ती पिळतच राहिली.