मामाचं शनिवारचं चायनीज

खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. बारा वर्षं झाली. बहीण नवी कोरी साडी नेसून आणि भाऊ तिची पिशवी धरून आला, की कागद कुठला हे मी विचारत नाही. सरळ हक्कसोडपत्राची फाईल उघडते. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला राजीखुशीनं सोडला, असं त्यात लिहायचं असतं. 'राजीखुशीनं' हा शब्द आता माझी बोटंच टाइप करतात, मला बघावं लागत नाही. सही झाली की भाऊ बहिणीला समोरच्या हॉटेलात जेवू घालतो आणि एसटीत बसवून देतो. साडी काठाची असली तर जमीन रस्त्याला लागून आहे असं खुशाल समजावं.

तेव्हा माझा स्वभाव संशयी आहे, तो या टेबलानं दिलेला. वाल्मिकमामानं आईला शनिवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि वर सांगितलं की मी स्वतः करणार आहे, चायनीज, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती कर्जत रस्त्याची, आजोबांकडून त्याच्याकडं आलेली दोन एकर. तिच्या दोन्ही बाजूंना आता फार्महाऊसच्या भिंती आल्यात.

वाल्मिकमामा म्हणजे माझ्या आईचा, इंदूबाईचा, पाठचा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी माथेरानला एका हॉटेलात भांडी घासायला लागला. तिथल्या नेपाळी कूकनं त्याला कोबी चिरायला शिकवला, मग शेगडीपुढं उभं केलं. तेहतीस वर्षं तो गुजराती पाहुण्यांसाठी कांदा-लसणाशिवायचं मंचुरियन करत राहिला. गुडघे बोलायला लागले तेव्हा नोकरी सोडून डोंगर उतरला. मालक निरोपाला शाल देत होता. मामा म्हणाला, शाल राहू दे, माझी कढई द्या. ती काळीकुट्ट लोखंडी कढई टेंपोत घालून तो घरी आला.

पण या तेहतीस वर्षांत त्यानं घरी कधी चहासुद्धा केला नव्हता. मामी होती तोवर ती करायची. ती गेली तसा तो शेजारच्या ठकीकडून डबा घ्यायला लागला. स्वप्नील, त्याचा मुलगा, पनवेलला कामाला, रविवारी येतो आणि जातो. असा माणूस एकाएकी बहिणीसाठी कढई चढवतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला काही तहसीलदार व्हावं लागत नाही. मी आईला तसं स्पष्ट सांगितलं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडंच असते. ती म्हणाली, अक्षदा, भावानं जेवायला बोलावलं तर बहिणीनं जावं. मग मीही निघाले. तिला एकटीला सोडायची माझी तयारी नव्हती. माझ्या स्कूटरवर बसून आम्ही दोघी गेलो.

मामाची स्वयंपाकाची तऱ्हा मी त्या दिवशी प्रथम पाहिली. सकाळीच भात शिजवून, परातीत पसरून पंख्याखाली ठेवलेला. जुना तांदूळ, नव्याचा चिखल होतो म्हणाला. नूडल्स उकडून, तेलाचा हात लावून पाटीत निथळत. कोबी, गाजर, सिमला मिरची, पातीचा कांदा, सगळं वाट्यावाट्यांत. घरच्या गॅसला हॉटेलच्या भट्टीची आच नाही, म्हणून तो एका वेळी एकच ताट करायचा. चव म्हणून कधी घ्यायचा नाही. कान देऊन ऐकायचा. कढईतला आवाज बदलला की सॉस, पुन्हा बदलला की गॅस बंद. पहिलं ताट ताईचं. मग माझं. त्याचं स्वतःचं आम्ही हात धुतल्यावर.

आईनं नूडल्स आधी शेवयांसारख्या बोटांनी मोडल्या आणि हातानंच पहिला घास घेतला. थोडा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "असं लागतं होय."

एवढंच. मामा पाठमोरा होता. तो कढई घासायला लागला आणि बराच वेळ घासत राहिला. मला वाटलं, आता विषय काढेल. काढला नाही. आम्ही निघताना म्हणाला, पुढच्या शनिवारी या.

पुढचा शनिवार झाला, त्याच्या पुढचाही झाला. कधी फ्राइड राइस, कधी मंचुरियन, एकदा आईला तिखट लागलं म्हणून गोडसर काहीतरी, ज्याचं नाव त्यालाही सांगता येईना. चार महिने हे चाललं. माझा जीव टांगणीला. गळाला इतकं आमिष लावणारा माणूस मासा काही छोटा धरत नाही. मी जेवता जेवता घर न्याहाळायचे. फ्रिजवर नूडल्सचं खोकं असायचं आणि खोक्याखाली एक खाकी लिफाफा. दर शनिवारी तिथंच. दोनदा फाटकापाशी पांढरी मोटार उभी दिसली आणि आमची स्कूटर बघून निघून गेली. ठकीला विचारलं तर ती म्हणाली, जमिनीवाले हायेत, दर आठवड्याला येतात.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखीला येतं. मामाच्या गटाचा सातबारा काढला. म्हटलं, आईचं नाव आहे तोवर हरकतीचा अर्ज देऊन ठेवू. सातबाऱ्यावर आईचं नावच नव्हतं. जुना फेरफार काढला. अठरा वर्षांपूर्वीचं हक्कसोडपत्र निघालं, याच खालापूरच्या कचेरीतलं. खाली आईची सही. अनुस्वार अक्षराच्या शेजारी पडलेला, तशी ती आजही करते. तेव्हा मी आठवीत होते. घरात कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

मी टेबलावर बसून रडले. लाज कशाला बाळगू. अठरा वर्षांपूर्वी माझी आई नवी साडी नेसून याच दारातून आत गेली होती आणि पुढं त्याच दाराबाहेर बसून मी लोकांच्या बहिणींचे कागद करत होते. रडू ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. ज्याचं घेऊन झालंय, तो खाऊ का घालतो? उत्तर माझ्याच धंद्यात होतं. मोठा खरेदीदार असला की त्याच्या वकिलाचं जुन्या कागदावर भागत नाही. तो बहिणीची ताजी संमती मागतो, उद्या कोर्टकचेरी नको म्हणून. म्हणजे आईची सही अजून एकदा हवी होती. एकदा साडीवर घेतली, आता नूडल्सवर.

त्या शनिवारी फेरफाराची नक्कल पर्समध्ये घालून गेले. आईला काही सांगितलं नाही. मामानं आईचं ताट वाढलं आणि माझं चढवलं. मी नक्कल उलगडून आईच्या ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, "मामा, आता कशावर सही पायजे?"

कढईत नूडल्स होत्या. मामानं गॅस बंद केला. कढईतला जिन्नस अर्धवट असताना तो गॅस बंद करत नाही, चार महिन्यांत तसं मी एकदाही पाहिलं नव्हतं. तो वळला, कागदाकडं बघितलं आणि फ्रिजकडं गेला. खोकं उचललं. खालचा खाकी लिफाफा आणून आईसमोर ठेवला. मी तो उघडला. संमतीपत्र. आईच्या नावाखाली रिकामी रेघ. मी म्हटलं ना, पाणी मुरतंय. पण खरं ठरल्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो काही झाला नाही.

मामा उभाच होता. त्यानं सांगितलं की पयल्या शनिवारी बोलावलं ते खरंच या कागदासाठी. जमिनीवाला मागं लागला होता, स्वप्नीलही दर रविवारी येऊन तेच काढत होता. म्हटलं जेवू घालू, मग विचारू.

"मग इचारलं का नाय?" मी म्हटलं.

तो माझ्याशी बोललाच नाही. आईकडं बघून म्हणाला, "तू म्हणालीस, असं लागतं होय. मग माझ्यानं कागद काढवला नाय गं ताय."

मला काही कळेना. आईला कळलं होतं. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि मला सांगायला लागली, मामाकडं न बघता. सही केली त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडले तर स्टँडासमोर चायनीजची लाल गाडी लागलेली. हा दर सुट्टीला माथेरानहून यायचा आणि नूडलच्या गोष्टी सांगायचा. मी म्हटलं, वाल्मिक, तू करतोस ते कसं लागतं बघू तरी. हा म्हणाला, एसटी चुकंल. आणि हे असलं गाडीवरचं कशाला, मी घरी करून घालीन तुला.

"एसटी चुकणार नव्हती," मामा म्हणाला. "सही झाली होती. मला निघायचं होतं."

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "दीड तास स्टँडवर बसलो आपण. समोरच होती ती गाडी. वास येत होता."

मामा खाली बसला. गुडघ्यांमुळं तो खाली बसत नाही. मला वाटलं आई आता त्याच्या पाठीवरून हात फिरवेल, सोड म्हणेल, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणेल. मोठ्या बहिणी तेच करतात, मी रोज बघते. आईनं राहिलेला घास उचलला, खाल्ला, ताट निपटून काढलं. पाणी प्यायली. मग म्हणाली, "चार महिने येतेय मी. अक्षदाला वाटतं मी भोळी हाय. मी येत होते तू तोंड उघडतोस का बघायला." तिनं ताट बाजूला सारलं. "जेवणाचं फिटलं, वाल्मिक. शेताचं ऱ्हायलं."

तिनं उठून हात धुतले आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. मी माझ्या आईला अठरा वर्षं काय, जन्मभर ओळखलं नव्हतं. माझं ताट कढईतच राहिलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली, मंचुरियनपेक्षा नूडलच बरी.

सोमवारी मी टेबल मांडत होते तर मामा समोर. हातात सातबारा आणि तोच खाकी लिफाफा, फाडून दोन तुकडे केलेला. म्हणाला, अर्धी तायच्या नावानं करायची हाय, कुठला कागद लागतो? मी विचारलं, स्वप्नीलला सांगितलं का? म्हणाला, काल सांगितलं, भांडून गेला. मी विचारलं, पांढऱ्या मोटारीवाल्याला? त्यालाबी. दुधानं तोंड पोळलेलं माणूस मी, तिसऱ्यांदाही विचारलं, नंतर फिरणार तर नाही? तो सातबारा माझ्यापुढं ठेवून बाकावर बसला.

बक्षीसपत्र लागेल, मी सांगितलं. मग कॉम्प्युटरमध्ये नमुना शोधायला लागले. बारा वर्षांचे कागद होते. बहिणीकडून भावाकडं जाणारे शेकड्यांनी होते. भावाकडून बहिणीकडं जाणारा एकही सापडला नाही. शेवटी कोरं पान उघडलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.