कढीपत्त्याच्या कुंडीतलं दही

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीने परवानगी दिली आहे, म्हणूनच हे लिहिते.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी भांडी पुसून जागच्या जागी लावत होते, तेव्हा परदेशातल्या अनोळखी नंबरावरून मेसेज आला. “आजी, मी आहे. ये मेरा नया नंबर है. बाबांना देऊ नकोस.” लगेच दुसरा. “मी कोर्स सोडलाय. किसी को नहीं बताया. रोज रडते गं.”

मला दया आली नाही, संशय आला. आपल्या घरात कोणी असं बोलतं का? तुमचे आजोबा दवाखान्यात पडून मला फोनवर म्हणायचे, “मजेत आहे. भाजी काय केलीस?” थोरलीचा बाबा कॉलेजात नापास झाला, तर महिनाभर म्हणत होता, निकाल लांबलाय. आणि थोरली स्वतः? परदेशात शिकायला गेल्यापासून दर रविवारी तेच. “सब ठीक, आजी. जेवलीस का?” अशा घरातली मुलगी एकाएकी मन मोकळं करते, म्हणजे ही आपली नव्हेच.

मी तिचा जुना नंबर लावला. बंद. नव्यावर लावला, तर उचलला नाही, मेसेज आला, “आत्ता बोलले तर रडू येईल. जुना बंद ठेवलाय, बाबा रोज क्लासचं विचारतात.” म्हटलं, वा, चोराने सोय छान करून ठेवली आहे.

राजपुऱ्यातली माझी मैत्रीण इतवाऱ्याच्या बाजारातून भाजी घेऊन परतताना माझ्याकडे टेकते. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. मी इंग्रजी, ती गणित. तिला मेसेज दाखवला.

“आधी रडणारी नात येते, पैशाचं मागून निघतं,” ती म्हणाली.

“पण ही पैसे मागतच नाही.”

“मग तर मुरलेली आहे! मुलाला फोन कर, तो बघून घेईल.”

फोन हातात घेतला आणि थांबले. ती थोरलीच असेल, तर मुलाला सांगून मी तिचा विश्वास कायमचा घालवणार होते. ती नसेल, तर एका भामट्याला मी घरात घेत होते. आधी खात्री हवी होती.

कुत्र्याचं नाव विचारलं. बरोबर आलं. शाळा, पहिला पडलेला दात, माझ्या स्वयंपाकघराचा रंग, सगळं बरोबर. पण त्याने काय होतं? हे सगळं सूनबाईंनी फेसबुकवर टाकलेलंच आहे. जगाला माहीत नाही असं मला तिच्याबद्दल काय ठाऊक होतं? बराच वेळ आठवत बसले, काही सापडेना. ते मला अजून टोचतं.

मग दही आठवलं.

ती परदेशी निघाली त्या सकाळी मी रीतीप्रमाणे तिच्या हातावर दही ठेवलं. ते खाऊन निघालेलं माणूस सुखरूप परततं, असं आपण मानतो. तिने हात तोंडाजवळ नेला, फोटो निघाले. सगळे बॅगांमागे गेल्यावर तिने ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकलं आणि हात ओढणीला पुसला. मी खिडकीतून पाहिलं. गाडी गेल्यावर कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. फेसबुकवर फोटोखाली होतं, ‘आजीच्या हातचं दही खाताना’.

मी लिहिलं, “निघताना दिलेलं दही कसं होतं?” चोर म्हणाला असता, मस्त, गोड.

टाइपिंग दिसे, थांबे, पुन्हा दिसे. मग आलं, “तू पाहिलंस?”

एवढ्यावर मी फसणार नव्हते. “काय पाहिलं?”

“कढीपत्ता. सॉरी आजी. मुझे लगता है, उसी वजह से सब बिगड़ा. बाबांना सांगितलं तर ते म्हणतील तेच, मन लावलं नाहीस.”

मी खुर्चीवर बसले. एवढं ओझं ती एका चमचाभर दह्याचं वाहत होती.

“कढीपत्ता मात्र जोमात आहे,” मी लिहिलं. “दह्याने कुणाचा कोर्स सुटत नाही. आता फोन उचल.”

तिने उचलला. ती रडली, मी ऐकलं. बाबाला मी सांगितलं नाही. तिनेच सांगितलं, काही आठवड्यांनी, व्हिडिओ कॉलवर. मीही त्या कॉलवर होते. बाबा काय बोलला ते तिचं तिने सांगावं.

माझी मैत्रीण अजून विचारते, “पैसे मागितले नाहीत ना? थांब, मागेल.”

आता हे लिहून टाकलं, म्हणजे दह्याचा प्रश्न बाद झाला. उद्या तुमच्या नावाने कोणीही तो सोडवेल. पण अनोळखी नंबरावरून खरंच रडावंसं वाटलं, तर बेलाशक लिहा. तुमच्यातल्या प्रत्येकासाठी माझ्याकडे एकेक वेगळा प्रश्न तयार आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरंच दिसतं.