सांडव्यातली पोती

धाकट्यानं हाव केली म्हणून त्याचा बंधारा फुटला, असं आमच्या गावात आजही म्हणतात. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. ते खरं नाही.

पलूसकडं ऊस कालव्यावर वाढतो. आमच्या माळाला एक ओढा, तोही दिवाळीनंतर कोरडा. फौजेतून सुटून आल्यावर भावानं स्वतःच्या रानात ओढ्यावर मातीचा बंधारा घातला. जादा पाणी निघून जायला कडेला सांडवा ठेवला. माझं रान त्याच्या खालच्या अंगाला. पाणी झिरपत माझ्या विहिरीला आलं आणि उन्हाळ्यातही मोटर चालू लागली.

आनंद व्हायला हवा होता. पण चावडीपुढं एकजण म्हणाला, "आण्णा, धाकल्याच्या जिवावर लय झ्याक ऊस आणलासा." तेव्हापासून विहिरीत डोकावलं की पोटात जळायचं. गावात पाहुणे आले की लोक त्यांना बंधारा दाखवायला नेत, तेही माझ्या दारावरून.

पुढच्या पावसाळ्यात बंधारा तुडुंब भरला. सांडव्यातून वाहून चाललेलं पाणी बघून भाऊ हळहळत होता. मी म्हणालो, "मातीची पोती टाक की सांडव्यात. हातभर पाणी आणखी थांबंल."

"बांधाला जड जाईल का, आण्णा?"

"भ्या वाटतंय व्हय? फौजी का कोण रं तू?"

सांडवा अडवला की पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं आणि माती कापून नेतं, हे मला वडिलांच्या हाताखाली रानाच्या ताली, म्हणजे मातीचे बांध, घालतानाच कळलं होतं. थोरल्याचा शब्द तो मोडत नसे. त्यानं पोती टाकली.

परतीच्या पावसात बांध फुटला. माझा ऊस आडवा झाला, विहीर गाळानं भरली. ते बघतानाही मला आतून बरं वाटलं.

यंदा पुतण्यानं बंधारा पुन्हा घालायला घेतलाय. काम बघायला आलेला शेजारी त्याला म्हणाला, "सांडवा मोकळा ठेव रं गड्या, बापासारखी हाव नको." भाऊ खाली मान घालून बसला होता. मी त्याला म्हणालो, "पोती टाकायला मीच सांगितलं. बांध जाईल हे ठाऊक असून."

भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "आवं, जेसीबी तासाच्या भाड्यावर हाय. मधी बोलू नगा."

मशिनच्या घरघरीत माझं बोलणं त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. शेजाऱ्यालाही नाही, पुतण्यालाही नाही. म्हणून इथं लिहिलं.